आवडाबाईनं उचललेलं बेट

हे कुणाला खरं वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. डोहेगावच्या आवडाबाईनं गोदावरीतलं एक बेट, वरच्या पाखरांसकट आणि पाखरांखालच्या अंड्यांसकट, पाण्यावर उचलून धरलं आणि खालून संभाजीनगरला प्यायचं पाणी जाऊ दिलं. पटत नसेल त्यानं वैजापूरच्या बाजारात कुठल्याही कांदेवाल्याला विचारून यावं. तो हसेल. पण नाही म्हणणार नाही.

दुष्काळाचं ते लागोपाठचं दुसरं साल. नदी अशी कोरडी की पात्रातून मोटारसायकली जायच्या, आणि पलीकडच्या काठाला दिलेल्या लेकी संध्याकाळी भाजीला मीठ मागायला माहेरी यायच्या. बेडूक विहिरीच्या तळाला बसून वर बघायचे. कुणी पोहरा सोडला की त्यालाच लटकून बाहेर निघायचे आणि टँकर कुठं लागलाय ते विचारायचे. विचारण्याचं जरा जास्त झालं असेल. पण लटकून यायचे हे खरं, कारण आवडाबाईच्या पोहऱ्यात पाण्यापेक्षा बेडूकच जास्त निघत होते.

तिचं रान नदीला अगदी लागून. विहीर काठापासून हाकेच्या अंतरावर. घरात ती आणि नवरा काकासाहेब. मुलगा विश्वजीत वाळूजला कारखान्यात, तिथंच खोली करून राहायचा आणि सुट्टीला यायचा. काकासाहेबांचा मुख्य धंदा बोलण्याचा. शेती ते उरलेल्या वेळात करत. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी खऱ्या धरल्या असत्या तर त्यांचा जन्म तीन वेगवेगळ्या गावांत झाला होता आणि निजामाच्या सरदाराला त्यांनी बैलगाडीच्या शर्यतीत हरवलं होतं, तेही स्वतः जन्मायच्या आधी.

आवडाबाई मात्र कमी बोलायची. तिचा जीव होता कांद्याच्या बियात. साठवलेला कांदा पुन्हा जमिनीत लावला की त्याला उंच दांडे फुटतात, दांड्याच्या शेंड्याला पांढरा गेंद येतो, आणि गेंद वाळला की त्यातून काळं बी झडतं. अशा उभ्या पिकाला डेंगळे म्हणतात. आवडाबाईचं बी तिच्या आजीच्याही आधीपासून चालत आलेलं. चपटा, फिकट लाल कांदा; पावसाळा काढून दिवाळीला चिरला तरी शेजारच्या घरातली माणसं डोळे पुसत. अर्धं डोहेगाव तिच्याकडून बी नेई. पण कांद्याचं बी वर्षाच्या वर धड उगवत नाही, आणि गेल्या साली पाण्यावाचून सगळे डेंगळे जळाले होते. उरले होते ते टोपलीभर जुने कांदे. तेच तिनं यंदा लावले, पाण्याची वाट बघत बघत उशिरानं. आता होळी झाली होती, गेंद फुलले होते, मधमाश्या येऊन गेल्या होत्या, आणि दाणा भरायच्या वेळी विहिरीनं तळ दाखवला. हे गेंद दाणा भरायच्या आधीच करपले तर ते बी जगाच्या पाठीवर कुठंच राहणार नव्हतं.

ती तांबडं फुटायच्या आत विहिरीवर जायची. पोहरा सोडायचा, तळाला खरवडायचा, ओढायचा. घागरभर गाळ-पाणी जमायला हात खांद्यातून निखळायची पाळी यायची. मग ती घागर डोक्यावर घेऊन सरीसरीनं तांब्यानं पाणी द्यायचं, एकेका बुडाशी, लेकराला पाजावं तसं. टाचांच्या भेगांत माती भरून तिथं दुसरी जमीन झाली होती. मान अशी धरायची की रामराम केलेल्या माणसाकडं तिला अख्खं अंग वळवून बघावं लागे.

आणि मग खबर आली की वरच्या धरणातून नदीत पाणी सुटणार. खालचा नाथसागर, म्हणजे पैठणचं धरण, तळाला गेला होता. शहराला, वाळूजच्या कारखान्यांना, सगळ्यांना त्याच पाण्याची आस. डोहेगावला त्यातलं काही मिळणार नव्हतं. बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या, काढून टाकायच्या, काठावरच्या मोटारींची वीज तोडायची, आणि पाणी सरळ खाली जाऊ द्यायचं, असा हुकूम.

"जाऊ दे की," आवडाबाई म्हणाली. "नुसतं वाहून गेलं तरी विहिरीला पाझर फुटंल. वीज नसली तर नसली. माजे हात कुणी तोडलेत व्हय?"

ती बंधाऱ्यावर गेली तेव्हा शेजारचा सखाराम आणि चारदोन माणसं बर्गे ओढून काढत होती. पाटबंधाऱ्याचे अभियंता मंदारसाहेब भिंतीवर उभे होते, कानाला फोन. त्यांच्यासमोर खाकी कपड्यातली एक तरुण पोरगी, डोळ्याला दुर्बीण लावून पात्राच्या मधल्या वाळूच्या बेटाकडं बघत होती. ती वनखात्याची हिमानी. शहरातली, कारकुनांच्या घरातली, पण ऊन लागून लागून तिचं नाक डोहेगावच्या नाकांसारखंच सोललं होतं.

"बेटावर नदीसुरयांची वीण आहे," हिमानी म्हणत होती. "गोदावरीत आता हे पक्षी फार कमी राहिलेत. सोमवारी पाणी सोडलंत तर सगळी घरटी बुडतील."

"मॅडम, धरणात गाळ दिसायला लागलाय. शहरात आठवड्यानं नळ येतोय. आणि पक्षी आहेत ते, उडतील की."

"पक्षी उडतील. अंडी कशी उडतील?"

मंदारसाहेबांनी फोन कानाला घट्ट दाबला. तो तेवढ्यात कट झाला. म्हणाले, वरून निरोप येईपर्यंत थांबतो.

आवडाबाई पुढं झाली. "साहेब, म्हंजी पानी कवा येनार?"

"बाई, तुम्ही लाभक्षेत्रात नाही," साहेब फोनकडं बघतच म्हणाले.

ती तिथंच उभी राहिली. सगळे तिच्याकडं बघत होते. तिनं सखारामाला हळू विचारलं, "म्हंजी काय रं?"

"म्हंजी तुजं रान नदीला लागून हाय, वहिनी. पन नदी तुज्या रानाला लागून नाय."

बर्गे ओढणारी माणसं हसली. तिनं रिकामी घागर काखेत घेतली आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला ती विहिरीवर गेली नाही. पाटी आणि खुरपं घेऊन पात्रात उतरली. काय करायचं ते तिनं रात्रीच ठरवलं होतं. अंडीच नसली तर आडकाठी कशाची? वाळू वर-खाली केली की झालं. कुत्र्यांनी खाल्ली म्हणता येतं.

बेटावर पाय ठेवला न् ठेवला तोच आभाळ फाटल्यासारखी पाखरं उठली. राखी पाठ, काळी टोपी, पिवळीजर्द चोच. डोक्यावर येऊन किंचाळायची, चोचीनं पदर ओढायची, आणि बाकीचं जे पाखरं वरून करतात ते तर इतकं नेम धरून करत होती की एवढा नेम पोलिसांच्या परीक्षेतही कुणाचा लागत नाही. आवडाबाई वाकली. वाळूत नुसता तळहाताएवढा खळगा, आणि त्यात वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची अंडी. तिनं खुरपं उचललं.

शेजारच्या खळग्यावरचं एक पाखरू उठलं नव्हतं. पंख थोडे फुगवून, चोच उघडी टाकून, धापा टाकत बसलं होतं. ऊन अजून वर यायचं होतं, पण रात्रभरातही न निवलेली वाळू पायाला लागत होती. तेवढ्यात दुसरं पाखरू खालून, नाथसागराच्या अंगानं आलं, आणि पहिलं उठलं. आलेलं पाखरू खळग्यावर बसताना आवडाबाईला त्याचं पोट दिसलं. चिंब ओलं. पिसांतून पाणी ठिबकत होतं, ते अंड्यांवर पडत होतं.

ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. नदीत पाण्याचा टिपूस नव्हता. जवळात जवळचं पाणी नाथसागराचं, म्हणजे कुठल्या कुठं. तिथून पोटाच्या पिसांत पाणी धरून आणायचं, वाटेत सांडायचं, उरलेलं अंड्यांना द्यायचं, पुन्हा जायचं. तिच्या मानेत कळ आली. तिनं खुरपं पाटीत टाकलं.

"तुजं पन तेच व्हय," ती पाखराला म्हणाली.

परत येताना सखाराम शेळ्या घेऊन काठावर भेटला. तिच्या डोक्याकडं, खांद्याकडं बघून म्हणाला, "काय वहिनी, घराला चुना लावत व्हतीस का सोताला?"

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं, "अवो, त्या पाखरांचं काय तरी बघाया पायजे."

"कसं करायचं? रस्सा का सुकं?"

"तोंड संबाळा," ती म्हणाली, आणि काकासाहेबांनी सांभाळलं, कारण तिच्या हातात खुरपं होतं.

दुपारी बंधाऱ्यावर हिमानी झाडाखाली डबा खात होती. आवडाबाई तिच्याजवळ जाऊन बसली. "पोरी, अंडी फुटून ती पिल्लं पळाया लागायला किती दिस लागतील?"

"महिना तरी, मावशी."

"माजे डेंगळे आठवडाभर नाय काढायचे."

हिमानीनं हातातला घास डब्यात ठेवला. "मला माहितीये," ती म्हणाली. "मी पाणी थांबवलं की कुणाचं तरी वाळणार, हे कळतं मला. पण ते पक्षी गेले तर परत कुठून आणायचे?"

"माज्या बियाचं पन तेच हाय," आवडाबाई म्हणाली. तिनं डेंगळ्यांची हकीकत सांगितली. दोघी मग नुसत्याच बेटाकडं बघत बसल्या.

काकासाहेब मंदारसाहेबांना चहा द्यायला आले होते. दोन बायका गप्प बसलेल्या बघवल्या नाहीत त्यांना. आपले सुरू झाले, "आमच्या लहानपणी पूर आलता तवाची गोष्ट. आमची कडब्याची गंजी वाहून गेली. अख्खी, हालली सुद्धा नाय. वर आमची कोंबडी अंड्यावर बसलेली. तिला कळलंच नाय पूर आलाय ते. गंजी इथून निघाली ती थेट पैठनला लागली, आन् वर बघत्यात तर पिल्लं फुटल्याली. माज्या बापानं पैठनला जाऊन कोंबडी, पिल्लं आन् कडबा, सगळं वळखून परत आणलं."

मंदारसाहेब हसले. सखाराम हसला. आवडाबाईनं कपाळाला हात लावला. हिमानी मात्र हसली नाही. तिनं डबा बाजूला ठेवला.

"काका, पुन्हा सांगा."

उभ्या आयुष्यात काकासाहेबांना कुणी पुन्हा सांगा म्हटलं नव्हतं. ते थोडे घाबरले. "तसं लई लांब नाय गेली गंजी."

"किती का जाईना. तरंगली ना?" हिमानी उठून उभी राहिली. "घरटीच तरंगवली तर? बेटातच तराफा पुरायचा, वर वाळू घालायची, अंडी त्यावर ठेवायची. पाणी वाढेल तसा तराफा वर."

"आणि पक्षी बसतील त्याच्यावर?" मंदारसाहेबांनी विचारलं.

"दुसरीकडं असं करून बघितलंय. घरटं फार लांब नाही सरकवायचं. बसतील. बहुतेक."

मंदारसाहेबांनी फोनवर आलेला वरचा निरोप पुन्हा वाचला. मग म्हणाले, "पाणी सोमवारीच सुटणार, ते माझ्या हातात नाही. पण कसं सुटणार ते थोडं आहे. पहिले दोन दिवस दरवाजे कमी उघडायला सांगतो. लोंढा येणार नाही, हळूहळू चढेल. एवढं मी करतो. तराफा तुम्ही करा."

तराफ्याला पिंपं पाहिजेत. त्या दोन वर्षांत डोहेगावात देवाच्या मूर्तीपेक्षा निळ्या पिंपाला मान जास्त होता. टँकरचं पाणी त्यातच साठायचं. पिंप उसनं मागणं म्हणजे कुणाच्या घरातला माणूस उसना मागणं. आवडाबाईनं कुणाला मागितलं नाही. घरातली दोन पिंपं तिनं घागरी-पातेल्यांत रिकामी केली, उरलेलं पाणी डेंगळ्यांना घातलं, आणि पिंपं उन्हात, गावाच्या मधून, ढकलत नदीकडं नेली. गडगड आवाज ऐकून माणसं दारात आली. कडूबाई म्हातारीनं विचारलं, "आवडे, प्यायचं कशात मग?"

"तोंडात," आवडाबाई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत वाळूवर पिंपांची रांग लागली. कुणी वेशीत हसून आलं, कुणी नदीला पाणी येतंय तर आपलाही हात लागू दे म्हणून आलं. विश्वजीत वाळूजहून टेम्पोत रिकामी, धुतलेली पिंपं घालून आला. वर बाजा आल्या, सुंभाच्या, पाय कापलेल्या. सखारामानं स्वतःची बाज दिली आणि पुढचे कित्येक दिवस गावभर सांगत फिरला की पाखरांना अंथरूण दिलं, आता बायको भुईवर झोपवते.

मग खोदकाम. बेटाच्या मधोमध घरट्यांची दाटी. तिथंच, घरट्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात, पिंपं वाळूत गाडायची, म्हणजे वरचा तराफा वाळूच्या सपाटीला येईल आणि पाखरांना कळणारही नाही. काम फक्त पहाटे आणि सांजेला, ऊन नसताना. पाखरांनी पहिल्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यावर चुना घातला. दुसऱ्या दिवशी डोहेगावचे पुरुष डोक्यावर टोपल्या पालथ्या घालून खोरं मारत होते, आणि पलीकडच्या काठावरच्या गावाला वाटलं की इकडं कसला तरी नवा देव सुरू झालाय. पिंपांवर बाजा बांधल्या, बाजांवर बारदान, बारदानावर बेटाचीच वाळू.

अंडी हलवायचं काम आवडाबाईचं. हिमानीनं सांगितलं तसं, एका वेळी एकच घरटं, खालच्या वाळूसकट, आणि आईबाप बघत असताना. आवडाबाई गुडघ्यावर बसायची, दोन्ही तळवे खळग्याखाली सरकवायची आणि कणीक उचलावी तशी अख्खी वाळू उचलून तराफ्यावर ठेवायची. वाळूत पुन्हा बोटानं खळगा. मग दूर जाऊन सगळी माणसं पोटावर पडायची.

पहिलं पाखरू आलं. जुन्या जागेवर उतरलं, इकडं तिकडं बघितलं. चालत चालत तराफ्यापर्यंत आलं, काठावर थांबलं. हिमानी ओठ चावत होती. मंदारसाहेबांनी फोन बंद करून वाळूत ठेवला होता. पाखरानं बारदानाची एक उघडी राहिलेली कड चोचीनं ओढून बघितली, मग वर गेलं, अंडी चोचीनं नीट केली आणि बसलं.

"बसलं," सखाराम पुटपुटला. "माज्या बाजंवर बसलं."

शेवटचं घरटं रविवारी सकाळी हललं. दुपारी तराफा बांधायचं काम काकासाहेबांनी आणि सखारामानं अंगावर घेतलं. दोघांनी जन्मभर जनावरं बांधलेली. चार कोपऱ्यांना चार मेखा, पहारेनं खोल ठोकल्या, आणि चार दावी, आखूड, गच्च. आखूड दाव्याचं जनावर इकडं तिकडं जात नाही. मंदारसाहेबांनी स्वतः दावी ओढून बघितली आणि शाब्बास म्हणाले. हिमानीनंही मान हलवली. कोरड्या वाळूवर तराफा इतका पक्का दिसत होता की, पाणी चढल्यावर दाव्याला लांबी लागेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. नदीला पाणी येतं म्हणजे काय होतं, हेच गाव विसरलं होतं.

मंगळवारी सकाळी पाणी आलं. आधी वास आला, मग काड्या-कचरा-फेसाची एक रेघ वाळूवर सरकत आली, तिच्यामागं बोटभर पाणी. गाव काठावर जमलं होतं. बायकांनी हळदकुंकू सोडलं. म्हातारी कडूबाई पाण्यात पाय बुडवून बसली आणि उठेना. पाणी वाढत गेलं, घोट्याएवढं, गुडघ्याएवढं. बेटाच्या कडा बुडाल्या. दहाच्या सुमारास तराफा वाळूतून सुटा झाला, हलला आणि तरंगला. पाखरं एकदा उठली, घिरटी घातली आणि परत बसली. काठावर अशी आरोळी उठली की वैजापूरच्या बाजारात भाव दोन मिनिटं थांबला असं म्हणतात.

आणि मग आवडाबाईला दिसलं. तराफा वर यायचा थांबला होता. पाणी चढत होतं, तराफा नाही. चारही दावी ताठ, तारेसारखी. उजवीकडची कड खाली ओढली गेली होती आणि वाळूवरून पाण्याची एक पातळ जीभ आत शिरत होती.

"दावी," ती म्हणाली. "अवो, दावी आखूड झाली."

काकासाहेबांचा चेहरा उतरला. मंदारसाहेब फोनवर ओरडत होते, दरवाजे खाली करा म्हणून. वर दरवाजे खाली झालेही असतील. पण वाटेला लागलेलं पाणी फोन उचलत नाही. पाणी आता छातीएवढं असावं, मध्ये ओढ होती. पुरुष एकमेकांकडं बघत होते. डोहेगावातल्या तरण्या पोरांनी पोहायला शिकावं एवढं पाणी नदीनं त्यांना फारसं कधी दाखवलंच नव्हतं. काकासाहेब बोलण्यात समुद्र पोहून आले होते, पण विहिरीच्या पायऱ्या उतरताना भिंत धरत.

आवडाबाईचं माहेर नाथसागराच्या काठचं. तिनं काष्टा कसला, विळा कमरेला खोचला. बैलाच्या लांब कासऱ्याचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं नवऱ्याच्या हातात दिलं.

"आवडे, तू नको," काकासाहेब म्हणाले.

"मग कोन? तुमची कोंबडी?"

हिमानी, सखाराम, विश्वजीत, सगळ्यांनी कासरा धरला. ती वरच्या अंगानं पाण्यात उतरली, थोडी चालली, मग पाय सुटले आणि पाण्यानं तिला तिरकं ओढत नेलं. कित्येक वर्षं न वापरलेले हात. पण पोहरा ओढून ओढून दोरीसारखे झालेले. तराफ्याच्या पिंपाला हात लागला. वर पाखरं पिसाटली, तिच्या डोक्यावर चोची मारू लागली. तिनं डोकं खाली घातलं, विळा काढला आणि बुडत्या कोपऱ्याचं दावं कापलं. तराफ्यानं उसळी घेतली. दुसरं कापलं. तिसरं कापताना विळा निसटून पाण्यात गेला, पण दावं तुटलं होतं.

आता तराफा एका दाव्यावर, त्याच्या टोकाला फिरू लागला. चौथं दावंही आखूडच. ते सोडलं तर तराफा मोकळा, थेट खाली जाणार, सगळ्या अंड्यांसकट. लांब दोरी एकच होती. ती तिच्या कमरेला होती.

तिनं काठाकडं बघितलं. मग एका हातानं पिंप धरून दुसऱ्या हातानं कमरेची गाठ सोडली.

काठावर कासरा एकदम सैल लागला. काकासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता कासरा मुठीला गुंडाळला. तिकडं तिनं कासरा बाजेच्या गातात, म्हणजे लाकडी चौकटीत, ओवला, दातांनी गाठ आवळली, आणि चौथं दावं बाजेवरून सोडवलं. तराफा सुटला, पाण्याबरोबर खाली निघाला, कासरा ताठ झाला, आणि काठावरची सगळी रांग वाळूत ओढली गेली. सखाराम आडवा झाला. विश्वजीतनं मोकळं टोक बाभळीच्या खोडाला वेढा देऊन आवळलं. बाभूळ कण्हली, पण राहिली.

तराफा हळूहळू काठाकडं झुलला आणि उथळ, शांत पाण्यात येऊन थांबला. पिंपाला घट्ट धरलेली आवडाबाई त्याच्यामागं. पाखरं तिच्या डोक्यावरून उठली, तराफ्यावर उतरली, आपापल्या खळग्यात बसली. हिमानीनं पाण्यात जाऊन तिला धरून आणलं. ती काठावर बसली, पाणी थुंकली आणि म्हणाली, "सगळी हायेत का बघ गं आधी."

हिमानीनं दुर्बीण लावली. कडेकडेनं एकेक घरटं मोजलं. एका कडेची दोन घरटी ओली झाली होती. बाकी सगळी जागच्या जागी.

काकासाहेबांचं तोंड ओलं होतं, आणि ते उभे होते तिथंपर्यंत पाणी आलेलं नव्हतं. त्यांनी गमछा काढून तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. आवडाबाईनं बघितलं आणि दुसरीकडं मान वळवली, अख्खं अंग वळवून.

पाणी नाथसागरात पोचलं, शहराच्या नळांना आलं. तिसऱ्या दिवशी आवडाबाईच्या विहिरीला पाझर फुटला. वीज तोडलेलीच होती. तिनं पोहरा सोडला आणि या खेपेला पोहरा जड आला, हात भरून जड. सखारामाची बायको, कडूबाईची सून, जिच्या घरचं पिंप नदीत होतं ती प्रत्येक बाई घागर घेऊन आली, आणि डेंगळ्यांच्या सरीतून दोन दिवस बायकांची रांग चालली. मंदारसाहेब जाता जाता रानाच्या कडेला थांबले. "आवडाबाई, लाभक्षेत्र वाढवावं लागेल आता," म्हणाले. ती म्हणाली, "साहेब, तुमी एक घागर घ्या." त्यांनी घेतली. चांगला बूट भिजला त्यांचा.

पिल्लं फुटली, ठिपक्या-ठिपक्यांची, वाळूतून पळायची. गेंद वाळले, आणि चोळले तेव्हा तळहातावर काळं, चकचकीत, भरलेलं बी झडलं. त्या साली डोहेगावात एकही घर आवडाबाईच्या बियावाचून राहिलं नाही.

पुढच्या वर्षी विणीच्या आधी शहरातून माणसं तराफा बघायला आली. अधिकारी होते, कॉलेजची पोरं होती. काकासाहेबांनी त्यांना बाभळीखाली बसवलं आणि सुरुवात केली. आवडाबाई थोडी बाजूला बसून सुपात बी पाखडत ऐकत होती. पाणी वडाच्या शेंड्याएवढं आलं, ते तिनं ऐकून सोडून दिलं. तराफ्यामागं मगर लागली, तेही सोडलं. मग काकासाहेबांनी धोतर खोचलं, विळा दातात धरला आणि स्वतः उडी घेतली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सूप चालूच राहिलं.

"मी मधी पोचलो," काकासाहेब म्हणाले, "कमरेचा कासरा सोडला. मागं वळून बघितलं, तर ही आवडा काठावर हुबी. दोन्ही हातांनी तोंड झाकून ढसाढसा रडत व्हती."

सूप थांबलं.

"खोटं," आवडाबाई म्हणाली. "रडत तुमी व्हता."